मागे वळणारे ठिपके

सीबीएसच्या फाटकातून बाहेर पडताना मागून कुणीतरी संघर्षचं मनगट घट्ट धरलं. सकाळचे सव्वानऊ वाजत होते. नाशिकरोडहून येणारी सिटी बस त्याला पलीकडच्या बाजूला सोडायची, आणि एसटी स्टँडमधून आडवं गेलं की ऑफिसकडची रिक्षा लवकर मिळते म्हणून तो रोज तसाच जायचा. आज पेठची आणि घोटीची अशा दोन गाड्या एकदमच लागल्या होत्या, आणि उतरलेली माणसं, चढायला धावणारी माणसं, गोण्या, कॉलेजची पोरं असं सगळं त्या अरुंद फाटकाशी कोंडलं होतं. पाकीटमार असेल म्हणून त्यानं हात झटकला. हात सुटला नाही. वळून पाहिलं तर त्याच्या छातीपर्यंतही न पोचणारी एक म्हातारी, डोक्यावर पदर, खाली बघत चाललेली. "केरू, हात सोडू नको रे बाबा, लय गर्दी हाय," ती म्हणाली. "आजी, मी केरू नाही." तिनं मान वर केली, त्याचा चष्मा पाहिला, बॅग पाहिली. तिला पटलं असावं, पण बोटं सैल झाली नाहीत. "मंग केरू कुठं हाय?" असं तिनं त्यालाच विचारलं, केरूला त्यानंच कुठेतरी ठेवून दिल्यासारखं. तेवढ्यात मागून, गाड्यांच्या बाजूनं, "आत्या!" अशी हाक आली, आणि म्हातारी वळली. संघर्षला घेऊनच वळली. चाळीस किलोसुद्धा वजन नसेल, पण त्या लोंढ्यात ती उलटी शिरली तेव्हा समोरची माणसं हेलपाटली, कुणाची पत्र्याची पेटी संघर्षच्या बरगडीवर आदळली, एक माणूस गुडघ्यावर पडला आणि शिव्या देत कसाबसा उठला, आणि त्याच्या मागची दहा-पंधरा माणसं क्षणभर एकमेकांच्या अंगावर रेलून थबकली. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. मग डोक्यावर गोणी घेतलेला चाळिशीचा एक मिशीवाला माणूस दिसला, म्हातारीनं संघर्षचं मनगट टाकून दिलं, त्या माणसाच्या दंडावर एक जोराची चापट मारली आणि त्याचा हात धरून ती चालू लागली. संघर्षकडे तिनं परत पाहिलंसुद्धा नाही.

तो फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला. बरगडी दुखत होती, पण घाम आला होता तो दुसऱ्याच कारणानं. 'हे आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही,' असं त्याच्या मनात आलं होतं, आणि लगेच, 'आपण ते ठेवलेलं नाही.'

दीड वर्ष तो एकाच कामावर होता. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलेला. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवरून किती माणसं कशी सोडायची, कुठे अडवायची, कुठून परत न्यायची, हे आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं काम त्यांच्या सहा माणसांच्या कंपनीला मिळालं होतं. पडद्यावर वरून दिसणारा रस्ता आणि त्यावर ठिपके, एक ठिपका म्हणजे एक माणूस. प्रत्येक ठिपक्यावर दोन बळं. एक ओढीचं, ते ठिपक्याला घाटाकडे नेतं. दुसरं लोटण्याचं. दोन ठिपके जवळ आले की ते एकमेकांना दूर लोटतात, अंतर जितकं कमी तितका तो जोर चढत जातो, आणि भिंतीही ठिपक्यांना तशाच लोटतात. एवढ्या दोन गोष्टी नीट लिहिल्या की चाळीस हजार ठिपके माणसांसारखे चालायला लागतात. वाट काढतात, रांगा धरतात, वळणावर थोडे खोळंबतात. पहिल्यांदा ते तसे चालले त्या दिवशी संघर्षला आपण काहीतरी जिवंत केल्यासारखं वाटलं होतं. गर्दी विरळ असेतोवर ठिपका हिरवा, दाटली की पिवळा, आणि छातीला सोसणार नाही इतका दाब आला की लाल. सात नंबरचा मार्ग, म्हणजे जुन्या वस्तीतून उताराची एक गल्ली, हाच काय तो नाजूक होता. पण तोही गेल्या आठवड्यापर्यंत पिवळ्याच्या वर गेला नव्हता. आज दुपारी तीनला बंदोबस्ताच्या आणि बांधकामाच्या अधिकाऱ्यांसमोर शेवटचं दाखवायचं होतं.

तिसरं एक बळ असतं हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांत ते होतं. बरोबर आलेली माणसं एकमेकांना धरून असतात. आपल्या माणसांपासून लांब पडलेला ठिपका त्यांच्याकडे ओढला जातो, मग ती पुढे असोत नाहीतर मागे. पंधरा-वीस ओळींचं काम. कोडमध्ये त्या जागी त्यानं मराठीत लिहून ठेवलं होतं, 'कुटुंबाची ओढ, पुढच्या टप्प्यात.' महेशनं एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, मशीनवर फार लोड येतो. लोड येतच होता, खोटं काही नव्हतं. पण त्या ओळीपाशी कर्सर गेला की त्याचं बोट आपोआप पुढे सरकायचं, जसं घरातल्या एखाद्या खोलीचं दार रोज वाटेत येतं आणि आपण ते ढकलत नाही. दीड वर्षात त्यानं ते एकदाही ढकललं नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्यानं मनगटाकडे पाहिलं. चार बोटांचे वळ होते, हळूहळू मिटत चाललेले, आणि ते पूर्ण मिटायच्या आत ऑफिसला पोचायला हवं असं त्याला उगाच वाटायला लागलं.

ऑफिसात अजून कुणी नव्हतं. त्यानं खुर्ची ओढली आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून लिहायला बसला. प्रत्येक ठिपक्याला दोन, तीन, चार सोबती. अंतर चार मीटरच्या वर गेलं की ओढ सुरू, सोबती दिसेनासा झाला की ओढ दुप्पट. म्हातारीचा जोर आठवून त्यानं एक आकडा टाकला, मग तो पुसून निबंधात दिलेला, त्याहून कमी असलेला आकडा टाकला. आपल्या मनगटावर विश्वास ठेवून चालणार नव्हतं. सात नंबरचा मार्ग उघडला आणि सुरू केलं. पहिली पाच मिनिटं काहीच वेगळं दिसलं नाही. ठिपके उतारावरून पाझरत होते. मग गल्लीच्या मध्यावर, जिथे बांबूचा अडसर घालून लोकांचे दोन भाग केले होते, तिथे एक ठिपका थांबला. त्याची माणसं अडसराच्या पलीकडच्या भागात गेली होती. तो वळला. त्याच्या मागचे त्याला लोटायला लागले, तो त्यांना, आणि त्याच्याभोवती एक छोटीशी पोकळी तयार होऊन लगेच बुजली. मग दुसरा वळला, मग चार. शंभरातले फक्त चार ठिपके मागे वळत होते. चौदाव्या मिनिटाला अडसराच्या वरच्या बाजूला पहिला लाल ठिपका दिसला, आणि त्यानंतर मोजायची गरज उरली नाही. लाल ठिपके एकमेकांना लोटत होते पण जायला जागा नव्हती, म्हणून ते जागच्या जागी थरथरत होते. प्रोग्रॅमला त्यांचं दुःख ठाऊक नव्हतं. तो फक्त कोपऱ्यात दाबाचा आकडा दाखवत होता, आणि तो आकडा कुठल्या बरगडीचं काय करतो हे संघर्षला पाठ होतं.

"अरे, हे काय?" महेश मागे येऊन कधी उभा राहिला होता कोण जाणे. त्याच्या हातात हेल्मेट तसंच होतं. कॉलेजपासूनचा दोस्त, सोळा वर्षांची ओळख, कंपनी त्याची. "कुठला मार्ग?"

"सात."

"सात तर पास होता."

"कुटुंबाची ओढ घातली."

महेशनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि शेजारची खुर्ची ओढली. "संघर्ष, आज तीनला दाखवायचंय. दीड वर्षात हे तू घातलं नाहीस, आणि आज सकाळी घालतोस? याची चाचणी झालीय? प्रत्यक्ष गर्दीशी पडताळून पाहिलंय?"

"नाही."

"मग उद्या कुणी विचारलं की हा आकडा कुठून आणला, तर मी काय सांगू? आज जे तपासलेलं आहे ते दाखवू. हे पंधरा दिवसांनी जोडपत्र म्हणून देऊ. लपवायचं म्हणत नाहीये मी."

त्याचं चुकत नव्हतं. तेच तर वाईट होतं. महेश लबाड असता तर भांडता आलं असतं. "पंधरा दिवसांत नकाशे छापायला जातील," संघर्ष म्हणाला. "एकदा गल्ली नकाशावर आली की ती कोण काढणार?"

"ओढीचा आकडा थोडा कमी केला तर?"

"तर बाविसाव्या मिनिटाला लाल होतं. बघितलं मी."

"लोक स्वयंसेवकांचं ऐकतात रे. मागे फिरू नका म्हटलं की नाही फिरत."

संघर्षनं पडद्याकडे पाहिलं. थरथरणाऱ्या लालसर डागात एक ठिपका अजून उलटा तोंड करून होता, त्याची तीन माणसं खाली मोकळ्या जागेत केव्हाच पोचली होती, हिरवी, सुखरूप. आणि ती खाली पोचलीत हे या ठिपक्याला ठाऊक नव्हतं. तो त्यांना मागे शोधत होता. हे प्रोग्रॅममध्ये कसं आलं? त्यानं असं लिहिलं नव्हतं. मग लक्षात आलं, लिहिलं होतं; सोबती दिसेनासा झाला की ठिपक्यानं त्याला शेवटचं जिथे पाहिलं त्या जागेकडे जायचं, असं त्यानंच तासाभरापूर्वी लिहिलं होतं, एका दमात, कुठल्याच निबंधात न बघता.

ऑक्टोबर होता. संघर्ष तेव्हा आठ वर्षांचा होता, ताई बारा वर्षांची. नागपूरहून परतताना वाटेत गाडी बदलायची होती, एका मोठ्या स्टेशनावर, ज्याचं नाव त्यांच्या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. आई घरीच होती, जेलरोडला, तिला ताप होता म्हणून. पप्पांनी पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. पुलावर आले तोच गाडी दुसऱ्याच फलाटावर लागणार असं ओरडत काही माणसं उलटी धावली आणि सगळा पूल एकाच जिन्याकडे वळला. अंजलीताई उंच, चपळ. ती पप्पांचा हात सोडून पुढे सटकली होती. पप्पांच्या दुसऱ्या हातात संघर्ष. त्याला फक्त कमरा दिसत होत्या, पट्टे, पिशव्या, आणि कुणाच्या तरी घामाचा वास. मग एकदा माणसांच्या फटीतून मागे, वरच्या पायरीवर, लाल रिबीन दिसली. ताईची रिबीन लाल होती. तो ओरडला, "पप्पा, ताई मागे राहिली!" पप्पांनी एकदाच वर पाहिलं. मग त्यांनी त्याला काखेत धरून उचललं, कठड्यावरून पलीकडे एका हमालाच्या हातात दिलं आणि ते मागे वळले. कठड्याच्या बाहेर, उंचावरून, आता त्याला सगळं दिसत होतं. आणि खाली फलाटावर, पाण्याच्या नळापाशी, ताई उभी होती. ती हात हलवत होती. तिच्या वेण्यांत लाल रिबिनी होत्या, दोन्ही. पप्पांचा पांढरा शर्ट चार पायऱ्या वर गेला होता, अजून हाकेच्या टप्प्यात. तो पुन्हा ओरडला असता तर. घसा उघडला, हे त्याला आठवतं. आवाज आला नाही, हेही आठवतं. किंवा आवाज येत होता आणि त्यानंच काढला नाही, आपण चूक केली हे पप्पांना कळू नये म्हणून. तीस वर्षं तो या दोन गोष्टींत कुठली खरी हे ठरवू शकला नव्हता. पप्पा त्या जिन्यातच गुदमरून गेले, अंगावर एक ओरखडा नव्हता. खिशातलं पेन जसंच्या तसं होतं. गर्दी पांगल्यावर ताई धावत जिना चढून वर आली, तिची एक चप्पल त्यात गेली, आणि लोकांनी तिला पप्पांच्या शेजारी एका पायानं अनवाणी बसलेली पाहिली. कुणीतरी त्याला विचारलं, काय झालं बाळा? आणि तो पुन्हा तेच म्हणाला, ताई मागे राहिली होती. तेच घरी आलं. आईनं त्यात चप्पल जोडली. चप्पल सुटली म्हणून पोरगी थांबली, पोरीसाठी माणूस मागे फिरला. आईनं ताईला कधी मारलं नाही, कधी बोलली नाही. नुसती चप्पल तुटली की तिच्याकडे बघायची. ताई अजून बंदांचे बूट घालते, लग्नातसुद्धा साडीवर तेच घातले होते तिनं.

घड्याळ एकवरून दीडवर, दीडवरून दोनवर गेलं. जेवायला तो उठला नाही. महेशनं दोन्ही फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि गाडीत बसताना म्हणाला, "आपण जुनं दाखवतोय. ठरलंय ना?" संघर्षनं मान हलवली की नाही हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. गाडी अशोकस्तंभावर अडकली होती, उन्हानं काच तापली होती, आणि तो मनातल्या मनात वाक्य जुळवत होता, पण प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू व्हायचं आणि तिथेच मोडायचं.

बैठकीच्या खोलीत लांबट टेबल होतं, पंख्याचा आवाज येत होता. बंदोबस्ताच्या प्रमुख रूपाली मॅडम मधोमध बसल्या होत्या, शांत चेहऱ्याच्या, हातात पेन्सिल. त्यांच्या उजवीकडे बांधकामाचे इंजिनीअर ज्ञानेश. सात नंबरचा मार्ग आणि मधला अडसर ही त्यांची आखणी होती, आणि दोन वर्षं ते त्या गल्लीत घरोघर फिरून ओटे काढायला लोकांना राजी करत होते. महेशनं एकापाठोपाठ मार्ग दाखवले. हिरवे ठिपके, पिवळे ठिपके. सात नंबर आला, गेला. ज्ञानेशनी समाधानानं पाण्याचा घोट घेतला. "छान," रूपाली मॅडम म्हणाल्या. "मग यावर सही करायची ना?"

"एक राहिलंय," संघर्ष म्हणाला.

महेशनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. संघर्षनं हात पुढे केला. महेशनं माउस लगेच दिला नाही; मग दिला.

त्यानं दुसरी फाइल उघडली. पहिला ठिपका वळला, मग चार, मग लाल. पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. ज्ञानेश खुर्चीत पुढे सरकले. "हे काय दाखवताय तुम्ही? आत्ता तर पास झाला होता."

"आत्ताच्यात माणसं एकटी होती. यात ती घरच्यांबरोबर आलीत."

"आणि हे मागे का फिरतायत?" रूपाली मॅडमनी पेन्सिलीनं पडदा दाखवला. "खाली उतरायला आलेला माणूस वर कशाला जाईल?"

"आपलं माणूस मागे राहिलंय असं वाटतं म्हणून."

"आम्ही दर वीस फुटांवर माणूस उभा करणार आहोत. लाउडस्पीकर आहेत. लोक सूचना ऐकतात."

"नाही ऐकत, मॅडम."

"कशावरून?" हे ज्ञानेशनी विचारलं, आणि जरा चढ्या आवाजात. "हा आकडा कुठून आणला तुम्ही? तुमच्याच अहवालात तो नाही. दीड वर्षात एकदाही बोलला नाहीत. आज अचानक कशावरून?"

गाडीत जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. संघर्षला आपले हात टेबलावर दिसले, त्यांच्याखाली काचेत पंखा फिरत होता. आता गप्प बसलं तर महेश सांभाळून घेईल हे त्याला माहीत होतं, महेशचा श्वास ऐकूच येत होता त्याला, वाक्य सुरू करायच्या आधीचा. "मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "स्टेशनच्या जिन्यावर. मी वडिलांना सांगितलं की बहीण मागे राहिली. ते फिरले. त्यांनाही चार जण ओरडून सांगत होते फिरू नका म्हणून. ते सूचना ऐकणारे होते, मॅडम. नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते, आयुष्यात एकदा लेट मार्क नव्हता त्यांना. ते फिरले आणि गेले. आणि बहीण मागे नव्हतीच. ती पुढे होती. खाली पोचली होती. मी चुकीचं सांगितलं होतं." तो थांबला, मग म्हणाला, "दीड वर्ष मी हे घातलं नाही ते याच्यामुळे. मशीनवर लोड येतो म्हणून नाही."

महेश त्याच्याकडे बघतच राहिला होता. सोळा वर्षांत त्याला एवढंच माहीत होतं की संघर्षचे वडील लहानपणी गेले.

रूपाली मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "हे पुरावा म्हणून चालणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पहिल्या फाइलीवर सहीही नाही करता येणार आता मला. ज्ञानेश, अडसर काढून टाकला तर?"

ज्ञानेशच्या कपाळावर आठ्या होत्या, पण डोळे गल्लीवरच होते, त्या उतारावर, त्यातल्या प्रत्येक ओट्यावर. "अडसर काढून पुरणार नाही," ते हळू म्हणाले. "खाली थांबायला जागा नाहीये. हरवलेल्या माणसानं थांबायचं कुठे?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला सुचायला हवं होतं." तासभर त्यांनी नकाशावर पेननं रेघा मारल्या. ठरलं ते एवढंच की सात नंबर तूर्त नकाशातून बाहेर. शनिवारी सकाळी त्या गल्लीत सहाशे स्वयंसेवक, आपापल्या बायकापोरांसकट, प्रत्यक्ष उतरवून पाहायचे, अडसरासकट आणि अडसराशिवाय, आणि संघर्षनं तिथे उभं राहून मोजायचं. जिन्यात महेश म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस रे." संघर्षनं मान हलवली. "आधी दुसऱ्या एकीला सांगायला हवं होतं," तो म्हणाला आणि त्यानं रिक्षा थांबवली.

नाशिकरोडची शाळा नुकतीच सुटली होती तेव्हा तो पोचला. अंजलीताई चौथीला शिकवायची. ती स्कूटरपाशी उभी होती, हातात किल्ली, खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी. त्याला पाहून ती हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?" त्यानं सांगितलं. द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडली असताना त्यानं ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं, पण त्यानं सगळं एकदमच सांगितलं, सात नंबरची गल्ली, बैठक, रिबीन, हमाल, नळ. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी ओरडत पळत होती. ताईनं त्याला मध्ये अडवलं नाही.

"नळ," ती म्हणाली. "मी नळापाशी होते."

"हो."

"आधी. जिन्यावर गोंधळ व्हायच्या आधी."

"हो. हात करत होतीस."

ती स्कूटरच्या सीटवर टेकली. "मला आठवायचा तो नळ. तोटी गळत होती. मी आईला एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, तुला नंतर नेलं होतं तिथे पाणी पाजायला. मग मला वाटलं, तसंच असेल." तिनं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझं स्वतःचं आठवलेलं मी खोटं मानलं, संघर्ष. तीस वर्षं."

"ताई—"

"आई जाऊन दोनच वर्षं झाली. शेवटचे आठ महिने मी तिचं सगळं केलं, तू बघत होतास. ती माझ्या पायांकडे बघायची. तेव्हा तू शेजारी खुर्चीत बसलेला असायचास." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आठ वर्षांच्या पोराला मी काही म्हणत नाही. त्याला मी आत्ता उचलून घेईन. पण तू अठरा वर्षांचा झालास, अठ्ठावीस झालास."

मैदान रिकामं होत चाललं होतं. वॉचमननं एक फाटक लावून घेतलं आणि दुसऱ्यापाशी त्यांची वाट बघत उभा राहिला. ताईनं पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, डोळे पुसले, फळ्यावरचं अक्षर पुसावं तसे, पटकन, मनगटानं.

"आणि त्या गल्लीचं काय करणार आहात?" तिनं विचारलं.

"खाली एक मैदान मोकळं ठेवायचं म्हणतायत. हरवलेल्यांनी तिथे थांबायचं. वाटेत पाट्या लावणार, मागे वळू नका म्हणून."

"नका म्हटलेलं कोण ऐकतं? माझ्या चौथीला विचार." ती क्षणभर फाटकाच्या पलीकडे बघत राहिली. "काय लिहायचं ते सांगते. आहे कागद?"

त्यानं बॅग उघडली, नकाशाची पाठ वर केली, पेन काढलं.

"लिही. तुमचं माणूस पुढे आहे."

त्यानं लिहिलं. कागद बॅगेवरच टेकवला होता, 'पुढे'ची मात्रा वाकडी गेली.

"घरी मी बोलावीन तेव्हा ये. त्याच्या आधी येऊ नकोस," ती म्हणाली. मग वाकून तिनं कागदाकडे पाहिलं. "हे असं गिचमिड नाही. लांबून वाचता आलं पाहिजे. मोठ्या अक्षरात लिही." आणि तिनं स्कूटर सुरू केली.